आत्मस्वातंत्र्याचे उपासक : लोकमान्य टिळक

प्रपंचात राहणाऱ्या प्रत्येक मनुष्याला आयुष्यात केव्हा ना केव्हा तीन प्रश्न पडतात. घरात दुखणे येते, धंद्यात बूड येते, हाताशी आलेला मुलगा डोळ्यांदेखत जातो. अशा वेळी पहिला प्रश्न उभा राहतो की, माझ्या हाती खरोखर काही आहे काय, का पूर्वकर्माने आखून ठेवलेल्या रेषेवरून मी केवळ चालविला जात आहे? दुसरा प्रश्न मनाविषयीचा. हिताचे काय ते कळत असते, तरी मन भलतीकडेच ओढ घेते. मग ओढणारा कोण आणि ओढला जाणारा कोण? तिसरा प्रश्न विचाराच्या रीतीसंबंधीचा. दोन्ही बाजूंना धर्मच दिसत असेल, तर निर्णय कशाच्या आधारे करावा? अर्जुनाला कुरुक्षेत्रावर पडलेले प्रश्न हेच होते, आणि तत्त्वज्ञानाचे मोठमोठे ग्रंथही येथूनच आरंभ करतात.

हे प्रश्न पंडितांचे आहेत, आपणा प्रापंचिकांना त्यांचे काय, असे पुष्कळांना वाटते. परंतु गेल्या शतकाच्या आरंभी एका गृहस्थाश्रमी पुरुषाने हे तिन्ही प्रश्न ब्रह्मदेशातील एका कोठडीत बसून सोडविले, आणि सोडविताना आलेल्या उत्तरांची परीक्षाही त्याला तेथेच द्यावी लागली. तो पुरुष म्हणजे लोकमान्य बाळ गंगाधर टिळक. त्यांच्या राजकारणाची कथा सर्वश्रुत आहे. येथे त्यांच्या चरित्राकडे केवळ या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने पाहावयाचे आहे.

वडिलांच्या उशाशी

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. त्यांचे वडील गंगाधरपंत शिक्षक होते. संस्कृत आणि गणित हे दोन्ही त्यांचे आवडीचे विषय असून त्रिकोणमितीवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले होते. आई पार्वतीबाई यांना तीन मुलींनंतर झालेला हा मुलगा. त्याच्यासाठी त्यांनी सूर्योपासनेचे कडक व्रत केले होते. गंगाधरपंतांची बदली पुण्यास झाली, आणि त्याच १८६६ साली पार्वतीबाई वारल्या. बाळ तेव्हा दहा वर्षांचा होता. पुढे सहा वर्षांनी, १८७२ साली, वडीलही गेले.

वडिलांच्या त्या शेवटच्या दुखण्यातली एक गोष्ट गीतेच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रुग्णशय्येवरील वडिलांना गीतेवरील ‘भाषाविवृति’ नावाची प्राकृत टीका वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या बाळकडे आले होते. गीतेशी त्यांचा प्रथम परिचय झाला तो असा. त्या वयात गीतेचा भावार्थ पूर्णपणे उमगणे शक्य नव्हते. तथापि लहानपणी मनावर झालेला संस्कार बळकट असतो. गीतेची गोडी त्यांना लागली ती कायमची, आणि वय वाढले तसतशी एक शंकाही वाढत गेली. ती शंका अशी : युद्धाला पाठ फिरविणाऱ्या क्षत्रियाला युद्धास उभे करण्यासाठी जो ग्रंथ सांगितला गेला, त्याचे तात्पर्य सर्व कर्म सोडण्यात कसे असेल? या एका शंकेचे उत्तर पूर्ण लिहून काढण्यास त्यांना जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

शरीर, बुद्धी आणि वाद

१८७३ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. त्यांची प्रकृती नाजूक होती. पुढे जी कामे करावयाची ती या शरीराने होणार नाहीत, हे ओळखून त्यांनी कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यास बाजूस ठेवून व्यायामात आणि पोहण्यात घालविले. परीक्षेचे नुकसान त्यांनी जाणूनबुजून सोसले. ही गोष्ट दिसण्यात लहान असली तरी त्यांच्या वृत्तीची निदर्शक आहे. साधन दुबळे आहे असे दिसताच दैवाला बोल न लावता ते साधन आधी नीट करावयाचे, हा त्यांचा स्वभाव होता, आणि हाच विचार पुढे त्यांच्या तत्त्वज्ञानात फार महत्त्वाच्या ठिकाणी येतो. १८७६ साली ते गणित विषय घेऊन बी. ए. झाले व १८७९ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली. एम. ए.च्या परीक्षेत मात्र त्यांना यश आले नाही.

कॉलेजात असतानाच गोपाळ गणेश आगरकर यांच्याशी त्यांची मैत्री जुळली. सरकारी नोकरी न करता लोकशिक्षणाला आयुष्य वाहावयाचे, हा संकल्प दोघांनी मिळून केला. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली, आणि १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघा मित्रांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पण पुढे मार्ग वेगळे झाले. मिल्ल व स्पेन्सर या इंग्लिश तत्त्ववेत्त्यांच्या विचारांचा आगरकरांवर मोठा पगडा होता, आणि सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोघांत तीव्र वाद झाले. अशा वादात टिळकांची लेखणी कठोर होई, हे कबूल केले पाहिजे. आगरकर १८९५ साली अकाली वारले. परंतु मित्राने उभे केलेले प्रश्न त्यांच्याबरोबर गेले नाहीत. पुष्कळांचे पुष्कळ सुख हीच नीतीची कसोटी मानावी काय, हा पाश्चात्त्य सुखवाद्यांचा सिद्धांत टिळकांनी पुढे आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला, त्याचे गुण मान्य केले, आणि मगच त्याचे अपुरेपण दाखविले. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडल्याखेरीज सिद्धांताला हात घालू नये, ही आपल्या शास्त्रांची जुनी शिस्त आहे. ती त्यांनी सोडली नाही.

शिक्षा आणि वाढदिवस

मधल्या वर्षांचा वृत्तांत थोडक्यात पुरे. १८९७ साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. मॅक्समुल्लर आदी विद्वानांच्या विनंतीनंतर १८९८ च्या सप्टेंबरात ते मुदतीपूर्वी सुटले. १९०३ साली त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ वारला. याच काळात, १९०२ च्या जानेवारीत नागपुरास आणि १९०४ च्या ऑगस्टात संकेश्वर मठात शंकराचार्यांच्या समक्ष, त्यांनी गीतेवर व्याख्याने दिली. मनातला ग्रंथ आकार घेत होता, परंतु लिहिण्यास सवड नव्हती. ती सवड सरकारने दिली.

मुजफ्फरपूर येथील बॉम्बप्रकरणानंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून २४ जून १९०८ रोजी मुंबईत त्यांना अटक झाली. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला चालला. टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला, आणि त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. २२ जुलैच्या रात्री नऊ ज्यूरींपैकी सात जणांनी त्यांना दोषी व दोघांनी निर्दोष ठरविले. सहा वर्षे हद्दपारी आणि एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. दुसरा दिवस त्यांचा जन्मदिवस होता. त्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण झाली. मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले.

शिक्षा सुनावण्यापूर्वी काही सांगावयाचे आहे काय, असे विचारल्यावर टिळकांनी दिलेले उत्तर आजही त्या न्यायालयात कोरलेले आहे. ज्यूरीचा निर्णय काहीही असला तरी आपण निर्दोष आहोत. वस्तुमात्राचे नियमन करणाऱ्या शक्ती याहून श्रेष्ठ आहेत. आणि आपण मोकळे राहण्यापेक्षा आपल्या क्लेशांनीच अंगीकृत कार्याची भरभराट व्हावी, अशी ईश्वरी इच्छा असू शकेल, असा त्याचा आशय होता. हे शब्द ऐकून कोणी म्हणेल की, हा तर दैववाद झाला. पण त्यापूर्वीचे एकवीस तास विसरून चालणार नाही. जे आपल्या हाती होते ते कायद्याचा शेवटचा मुद्दा संपेपर्यंत त्यांनी केले, आणि जे हाती नव्हते ते परमेश्वरावर सोपविले. दैव आणि पुरुषकार यांची सीमारेषा कोठे आखावी, हा शास्त्राचा अवघड प्रश्न त्यांनी त्या रात्री आचरणाने सोडवून दाखविला. त्याची शास्त्रीय उपपत्ती लिहावयाची अजून राहिली होती.

मंडाले

सप्टेंबर १९०८ मध्ये त्यांना ब्रह्मदेशात मंडाले येथील तुरुंगात नेण्यात आले. पुढे शिक्षा साध्या कैदेत बदलली गेली. कोठडी लाकडी फळ्यांची होती. फटींतून उन्हाळ्यात तापलेला वारा व धूळ आणि थंडीत बोचरी हवा आत येई. १९२५ ते १९२७ या काळात सुभाषचंद्र बोस याच तुरुंगात बंदिवान होते. त्या कोठडीत मधुमेह जडलेल्या वृद्धत्वाकडे झुकणाऱ्या पुरुषाने सहा वर्षे कशी काढली असतील, याविषयी त्यांनी आदराने लिहिले आहे.

महिन्याला एक पत्र लिहिण्याची परवानगी होती. पुस्तके तपासून दिली जात. लिहिण्यास सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून क्रमांक घातलेल्या बांधीव वह्या मिळत, आणि शाईऐवजी शिसपेन्सिल. अशा स्थितीत पन्नाशी उलटल्यानंतर त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला. आणि नोव्हेंबर १९१० च्या आरंभापासून मार्च १९११ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे पाच महिन्यांत, ‘श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’ या ग्रंथाचा पहिला खर्डा लिहून काढला. संदर्भासाठी हवे ते सर्व ग्रंथ जवळ नसल्यामुळे काही ठिकाणे अपुरी ठेवावी लागली. आता आरंभीच्या तीन प्रश्नांना त्या वह्यांत कोणती उत्तरे मिळतात ते पाहू. विचाराची रीत आधी घेऊ, कारण पुढचे सर्व तिच्यावर अवलंबून आहे.

विचार कसा करावा

एखाद्या ग्रंथाचा अर्थ आपल्याला आवडतो म्हणून तो खरा ठरत नाही. टिळकांनी येथे मीमांसकांची जुनी कसोटी वापरली. ग्रंथाचे तात्पर्य ठरविताना त्याचा आरंभ व शेवट पाहावा; वारंवार काय सांगितले आहे ते पाहावे; नवीन काय सांगितले आहे, त्याचा परिणाम काय झाला, कोणता भाग केवळ स्तुतीचा किंवा प्रासंगिक आहे, आणि कोणत्या युक्तिवादाने सिद्धांत बळकट केला आहे, हे पाहावे. उपक्रम, उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ति ही त्यांची शास्त्रातील नावे.

ही रीत आपण व्यवहारात नकळत वापरतोच. परगावी असलेल्या वडिलांचे लांबलचक पत्र येते. त्यात पीकपाण्याची हकीकत असते, नातेवाइकांची खुशाली असते, शेजाऱ्याची तक्रार असते. पण पत्राच्या आरंभी बहिणीच्या लग्नाचा विषय असेल, शेवटी तोच असेल, आणि मध्येही तीन वेळा तोच आला असेल, तर पत्र कशासाठी लिहिले हे शहाण्या मुलाला सांगावे लागत नाही. टिळकांनी गीता अशीच वाचली. आरंभी अर्जुन धनुष्य टाकतो, शेवटी तो आज्ञा पाळण्यास उभा राहतो, मध्ये भगवंत पुनःपुन्हा युद्धाची प्रेरणा देतात, आणि फल म्हणजे त्याने युद्ध केले. यावरून ज्ञान व भक्ती यांनी युक्त असा निष्काम कर्मयोगच गीतेचे तात्पर्य होय, असे त्यांनी प्रतिपादन केले.

संन्यासपर अर्थ करणाऱ्या परंपरेतील विद्वानांना हा निर्णय मान्य झाला नाही. त्यावर पुष्कळ खंडनमंडन झाले. श्रीशंकराचार्यांचा अद्वैत सिद्धांत टिळकांनीही स्वीकारला होता. मतभेद होता तो ज्ञानानंतर कर्म सोडावे का करीत राहावे, या मुद्द्यावर. या वादाचा निकाल काहीही लावला, तरी साधकाला त्यातून एक गोष्ट शिकता येते. आपल्या इच्छेला अनुकूल असे एक वाक्य उचलून त्यावर आयुष्याचा निर्णय उभारणे हा विचार नव्हे. आरंभ, शेवट आणि परिणाम हे सर्व डोळ्यांपुढे ठेवून जो होतो तो विचार.

मन आणि बुद्धी

दुसरा प्रश्न मनाचा. व्यवहारात आपण मन आणि बुद्धी हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. भाषांतराचे काम करणाऱ्यास तर येथे फारच जपावे लागते, कारण परकीय भाषांत या दोहोंसाठी बहुधा एकच शब्द पुढे येतो आणि शास्त्राने केलेला भेद पुसून जातो. टिळकांनी तो भेद साध्या दृष्टांताने समजावून दिला आहे. शरीर हा एक मोठा कारखाना मानला, तर ज्ञानेंद्रिये बाहेरचा माल आत आणून टाकतात. मन हे मुनशीप्रमाणे त्याची मांडणी करते, अनुकूल प्रतिकूल बाजू पुढे ठेवते. निर्णय करते ती बुद्धी. निर्णय झाला की तो कर्मेंद्रियांकडून अंमलात आणण्याचे काम पुन्हा मनाकडेच येते.

घरातले उदाहरण घेऊ. दुकानदाराने चुकून शंभर रुपये जास्त परत दिले. डोळ्यांनी नोट पाहिली. मन म्हणाले, परत करावी. लगेच तेच मन म्हणाले, कोणाला कळणार आहे? येथपर्यंत संकल्पविकल्प आहेत, निर्णय नाही. बुद्धीने ठरविले की, हे धन माझे नव्हे. पण तेवढ्याने काम संपत नाही. आत एक वासना असते. ती बुद्धीच्या निर्णयाला रंग देऊ पाहते. म्हणून निर्णय करणारी बुद्धी स्थिर पाहिजे आणि वासना शुद्ध पाहिजे, अशी दोन्हींची आवश्यकता टिळकांनी दाखविली आहे.

येथे काही पाश्चात्त्य पंडित म्हणतात की, बरेवाईट सांगणारी एक स्वतंत्र देवता परमेश्वराने मनुष्याच्या हृदयात ठेवली आहे. तिला विचारावे म्हणजे झाले. टिळकांना हे पुरेसे वाटले नाही. बरेवाईट ओळखणारी शक्ती वेगळी मानण्याचे कारण नाही. काळेपांढरे, लहानमोठे, खरेखोटे ओळखणारी जी बुद्धी तीच हेही ओळखते. हिशेबात मुरलेला मनुष्य मोठी बेरीज क्षणात सांगतो. त्यावरून त्याच्या डोक्यात बेरजेची निराळी देवता आहे असे कोणी म्हणत नाही. सवयीने त्याची बुद्धी तयार झालेली असते. तसेच सज्जनाला धर्म तत्काळ सुचतो याचे कारण त्याची बुद्धी तशी घडलेली असते. हा विचार गृहस्थाच्या फार उपयोगाचा आहे. सद्बुद्धी ही काही भाग्यवंतांनाच मिळालेली देणगी असती, तर इतरांना आशा उरली नसती. ती अभ्यासाने घडते, म्हणून प्रत्येकाला वाट मोकळी आहे.

बांधलेला की मोकळा

आता तिसरा आणि सर्वांत कठीण प्रश्न. बुद्धी घडवावी हे खरे, पण घडविण्याची इच्छा तरी माझ्या हातात आहे काय? पूर्वकर्मानुसार देह मिळाला, देहानुसार स्वभाव, स्वभावानुसार इच्छा, आणि इच्छेनुसार पुन्हा कर्म. हे चक्र अनादी आहे. सर्व प्राणी आपापल्या प्रकृतीप्रमाणे वागतात असे गीताही सांगते. मग विधिनिषेध सांगणारी शास्त्रे व्यर्थ होत नाहीत काय? कळसूत्री बाहुलीला उपदेश कोण करील?

टिळकांनी या शंकेचे समाधान ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या प्रकरणात केले आहे. कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग लोक करतात. वेदान्तसूत्रांच्या आधारे त्यांनी दोनच भाग महत्त्वाचे मानले : ज्याचे फळ भोगण्यास आरंभ झाला आहे ते, आणि ज्याचे फळ अद्याप सुरू झालेले नाही ते. पहिले धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखे आहे. ते भोगूनच संपते. दुसरे मात्र ज्ञानाने नाहीसे होऊ शकते. तेव्हा सर्वच बाण सुटलेले आहेत असे समजून हातपाय गाळणे ही चूक आहे.

पण ज्ञानाकडे वळण्याची प्रेरणा कोठून येते? येथे टिळकांनी केलेला एक सूक्ष्म भेद लक्षात घेण्यासारखा आहे. इच्छास्वातंत्र्य हा शब्द रूढ असला तरी तो त्यांना बरोबर वाटत नाही. इच्छा हा मनाचा धर्म आहे. मन आणि बुद्धी हे दोन्ही प्रकृतीचेच विकार आहेत. आणि प्रकृती तर नियमांनी बांधलेली आहे. मनात येईल ते करणे हे स्वातंत्र्य मानले, तर व्यसनी मनुष्य सर्वांत स्वतंत्र ठरेल. स्वातंत्र्य आहे ते आत्म्याचे. आत्मा परब्रह्माचाच अंश असल्यामुळे मूळचा मोकळा आहे. देहाच्या उपाधीत सापडल्यावरही त्या मूळच्या मोकळेपणाची ओढ तो सोडत नाही, आणि तीच ओढ मनबुद्धीला वरच्या मार्गाकडे ढकलते. विषयांकडे जाणारी प्रेरणा देहाची. बंधनातून सुटण्याची प्रेरणा आत्म्याची.

प्रेरणा असली तरी एकदम सर्व साधत नाही. त्यासाठी वेदान्तसूत्रांतील सुताराचा दृष्टांत त्यांनी घेतला आहे. सुतार कितीही कुशल असला तरी हत्यारांवाचून त्याचे काम चालत नाही, आणि हत्यारे बोथट असतील तर ती परजण्यात त्याचा वेळ जातो. आत्म्याची हत्यारे म्हणजे देह, इंद्रिये, मन आणि बुद्धी. ती पूर्वकर्माने जशी मिळाली तशी घ्यावी लागतात. पण परजण्याचा अधिकार कोणी हिरावून घेतलेला नाही. कॉलेजातले पहिले वर्ष व्यायामाला देणाऱ्या त्या विद्यार्थ्याची येथे आठवण होते. या परजण्यातला थोडासाही भाग वाया जात नाही, असे आश्वासन भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात दिले आहे, आणि सहाव्या अध्यायात आपल्या उद्धाराचा भार ज्याचा त्याच्यावरच ठेवला आहे. इतकेच नव्हे, अठराव्या अध्यायात सर्व उपदेश संपल्यावर अर्जुनाला पूर्ण विचार करून मग इच्छेस येईल तसे करण्याची मोकळीक दिली आहे. साक्षात परमेश्वर समोर असताही निर्णय मनुष्याकडे राहिला.

परीक्षा

ग्रंथ लिहिणे वेगळे आणि तो जगणे वेगळे. काही अटी मान्य केल्यास सुटका होऊ शकेल, अशी सूचना टिळकांपर्यंत आली होती. प्रकृती खालावलेली, घरी पत्नी आजारी, मुले लहान. तरीही अशा अटींवर स्वदेशी जगणे हे जिवंतपणी मेल्यासारखे आहे असे मानून त्यांनी ती नाकारली. देह तुरुंगात राहिला तो आता केवळ सरकारच्या निकालामुळे नव्हे. त्यांच्या स्वतःच्या निर्णयालाही त्यात वाटा होता.

७ जून १९१२ रोजी पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या. १८७१ साली लग्न झाले तेव्हापासून एक्केचाळीस वर्षांचा हा संसार. तार मंडालेस पोहोचली. भाचे धोंडोपंत विद्वांस यांना दुसऱ्याच दिवशी लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले दुःख लपविले नाही. संकटे शांतपणे सोसण्याची आपणास सवय आहे, परंतु या आघाताने आपण बरेच हादरलो; अखेरच्या वेळी तिच्याजवळ असता आले नाही, याचे दुःख सर्वांत मोठे आहे, असे त्यांनी कळविले. आणि त्याच पत्रात मुलांची काळजी केली : त्यांच्या अभ्यासात खंड पडू देऊ नये, आपण स्वतः याहून लहान वयात आईबापांस मुकलो होतो, संकटांनी मनुष्य अधिक स्वावलंबी व्हावा.

समबुद्धी म्हणजे दगडासारखे होणे, असा जो समज आहे तो या पत्राने दूर होतो. ग्रंथात स्थितप्रज्ञाचे विवेचन करून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. शोक आला, तो त्यांनी शोक म्हणूनच ओळखला. तार घेऊन येणारे प्रारब्ध टाळणे त्यांच्या हाती नव्हते. परंतु पत्राच्या दुसऱ्या भागात काय लिहावे हे त्यांच्या हाती होते. मन हादरले असता बुद्धीने कर्तव्य सांगितले, आणि हाताने ते लिहिले. आत्मस्वातंत्र्याचे संपूर्ण प्रकरण त्या एका पत्रात उतरले आहे.

अखेर

जून १९१४ मध्ये ते सुटून पुण्यास परत आले. वह्या सरकारकडे तपासणीसाठी राहिल्या होत्या. त्या परत मिळाल्या नाहीत तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, तो पुन्हा लिहून काढू, अशी त्यांची वृत्ती होती. वह्या मिळाल्या, १९१५ च्या जूनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि सहा हजार प्रतींची पहिली आवृत्ती थोड्याच दिवसांत संपली. माधवराव सप्रे यांनी तो हिंदीत, ज्योतिरिंद्रनाथ ठाकूर यांनी बंगालीत आणि भालचंद्र सीताराम सुखठणकर यांनी इंग्रजीत नेला. इतर भारतीय भाषांतही तो गेला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात टिळकांनी देह ठेवला. अंत्ययात्रेस लक्षावधी लोक लोटले होते.

त्यांच्यासारखी विद्वत्ता किंवा त्यांच्यासारखा कारावास आपल्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्यास येईल. पण प्रत्येकाच्या संसाराला कोठे ना कोठे एक कोठडी असतेच. कोणाला ती दुखण्याची असते, कोणाला कर्जाची, कोणाला म्हातारपणाची. तिच्या भिंती कोणत्या कर्माने उभ्या राहिल्या, हा विचार करीत बसल्याने त्या पडत नाहीत. आत बसल्यावर आपल्याजवळ कोणती हत्यारे उरली आहेत ते पाहावे, त्यांतले एक उचलावे आणि परजण्यास आरंभ करावा. आज निजण्यापूर्वी गीतेचा एक श्लोक अर्थासह वाचून त्यावर घटकाभर विचार केला, किंवा जड गेलेले एक कर्तव्य पार पाडले, तरी तेवढा आरंभ पुरेसा आहे. बाकीची काळजी ज्याने अर्जुनाचा रथ हाकला तो वाहील.